डांबराखालची माती



पावसाळा लागल्यापासून दिवाळीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात जी पत्रे येतात, त्यांतून वधू-वर सूचक केंद्राची चौकशी आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीचे हिशेब वगळले, तर उरलेली बहुतेक पत्रे रस्त्यांविषयी असतात. ही पत्रे नीट लावून वाचली तेव्हा आमच्या ध्यानात आले की तक्रारी दोन प्रकारच्या आहेत आणि त्या वरवर एकमेकींच्या अगदी उलट आहेत. सुदामानगर, राजेंद्रनगर या बाजूचे सभासद लिहितात की रस्ता खचला. जुनी इंदूर, नंदलालपुरा, रामबाग इथली जुनी घराणी लिहितात की रस्ता वर आला, इतका वर की पूर्वी चार पायऱ्या चढून ज्या ओट्यावर जायचे तिथे आता दोनच पायऱ्या उरल्या, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी उंबरा ओलांडून ओसरीवर येते.

एका शहरात एकाच वेळी रस्ता खचतो आणि वरही येतो, हे कसे? आमच्या मते दोन्ही तक्रारींचे मूळ एक आहे. रस्ता मोडला की त्याची दुरुस्ती वरून होते. आणखी एक थर, आणखी थोडे डांबर, हल्ली त्यावर सिमेंट. ज्या मातीवर हे सगळे उभे आहे तिच्याकडे कोणी पाहत नाही. पाया कच्चा असल्यामुळे रस्ता मोडतो आणि वरून थर चढवल्यामुळे वर येतो. हा कोणा एका कार्यालयाचा किंवा एका पक्षाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. माळव्यातल्या, किंबहुना देशभरातल्या बहुतेक शहरांत हेच चालते.

हे राजकारणाचे पत्रक आहे, त्यात मातीचा विषय कशाला, असे कोणी विचारील. तर मध्य प्रदेशात रस्ता हा राजकारणाचाच विषय आहे. २००३ च्या विधानसभा निवडणुकीत दहा वर्षांचे सरकार 'बिजली, सडक, पाणी' या तीन शब्दांवर गेले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यानंतर प्रत्येक पक्ष शहाणा झाला आणि निवडणुकीआधी डांबर टाकू लागला. मतदार डांबर मागतो, पार्षद डांबर देतो, आणि पुढच्या श्रावणात ते डांबर नालीत वाहून जाते. २०२२ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची पाच वर्षे २०२७ मध्ये पूर्ण होतात. गल्लोगल्ली रोलर फिरण्याचे दिवस तेच. त्या आधी आपल्या लोकांनी या विषयाची जुजबी का होईना, माहिती करून घ्यावी, यासाठी हा लेख. आम्ही वाणिज्य शाखेचे. हयात बँकेच्या काउंटरवर गेली. अभियांत्रिकीचा आव आणत नाही. पण कर्ज देताना तारण पाहावे लागते, एवढे आम्हाला कळते, आणि रस्त्याचे तारण म्हणजे त्याखालची जमीन.

माळव्याच्या काळ्या मातीचे कौतुक आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गहू, हरभरा, सोयाबीन या मातीने दिले. बेसाल्टचा खडक हजारो वर्षे झिजून ती झाली, म्हणूनच विदर्भ, मराठवाडा, खानदेशापासून माळव्यापर्यंत तिचा रंग आणि स्वभाव एक. शेतकऱ्याला तिचा जो गुण आवडतो तोच रस्त्याला मारतो. ती पाणी धरून ठेवते. तिच्यातल्या मुख्य खनिजाला माँटमोरिलोनाइट म्हणतात. त्याचे कण पापडाच्या चवडीसारखे पातळ थरांचे असतात आणि पाणी थेट त्या थरांच्या मधे शिरते. थर एकमेकांपासून दूर होतात, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षातून एकदा जमीन अशी श्वास घेते आणि सोडते. तिच्यावर अंथरलेला डांबराचा पट्टा तिच्याबरोबर वरखाली होईल, की फाटेल?

तो फाटतो, आणि कसा फाटतो हेही पाहण्यासारखे आहे. रस्त्याच्या मध्यभागी डांबराखाली माती झाकलेली असते, तिची ओल वर्षभर फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र उघड्यावर भिजते आणि सुकते. म्हणून पहिली भेग बहुधा रस्त्याच्या कडेला, लांबीच्या दिशेने पडते. त्या भेगेतून पाणी खाली उतरते, खालची माती लोण्यासारखी होते, वरून ट्रक गेला की तो चिखल गिट्टीच्या फटींत वर चढतो. गिट्टीचा दगड दगडावर टेकलेला असतो तोवरच ती वजन पेलते. मधे चिखल आला की दगड घसरू लागतात. मग खड्डा. आपल्याला खड्डा दिसतो तेव्हा त्याची हकीकत खाली बरीच आधी सुरू झालेली असते.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे ठाऊक होते. वाडा बांधताना काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत पाया खाली नेत असत. काळ्या मातीत तसाच पाया घातलेल्या घरांच्या भिंतींना तिरप्या चिरा गेलेल्या आजही जुन्या वस्त्यांत दाखवता येतील. घराच्या बाबतीत आपण इतके जागरूक, आणि घरासमोरच्या रस्त्याच्या बाबतीत मात्र गिट्टी किती इंचांची पडली एवढेच ओट्यावर उभे राहून पाहतो.

ज्याच्या नावाने गिट्टीच्या रस्त्याला आजही 'मॅकॅडम' म्हणतात, त्या जॉन मॅकॅडमने दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये हेच सांगितले होते. त्याचे म्हणणे असे की वाहनाचे वजन शेवटी मूळ जमीनच पेलते. ती कोरडी राखली तर ती पुष्कळ पेलते. वरची गिट्टी हे जमिनीचे छप्पर आहे. त्याच काळातला टेलफर्ड मोठमोठे दगड खाली रचून पाया करण्याच्या मताचा होता. दोघांचे पटत नसे. आपल्याकडे दोघांचेही अर्धे अर्धे घेतले, आणि जमीन कोरडी राखण्याचा भाग तेवढा राहून गेला.

आता जमीन किती वजन पेलील हे मोजता येते का? येते, आणि ती चाचणी काही नवी नाही. तिला सीबीआर म्हणतात, कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो. त्या राज्याच्या रस्ते खात्यात १९३० च्या आगेमागे ती रूढ झाली. मातीचा नमुना साच्यात ठोकून बसवायचा, चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग ५० मिलिमीटर व्यासाचा एक दांडा ठरावीक वेगाने त्यात दाबायचा. उत्तम प्रतीच्या गिट्टीत तो दांडा अडीच मिलिमीटर घुसवायला जेवढे वजन लागते, त्याच्या किती टक्के वजन या मातीत लागले, तो आकडा म्हणजे सीबीआर. गिट्टीचे शंभर धरले तर भिजलेल्या काळ्या मातीचे सामान्यतः दोन ते चार. परीक्षेत शंभरापैकी दोन गुण मिळवणाऱ्या मुलाच्या खांद्यावर आपण घर चालवायची जबाबदारी टाकली आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी-३७ नावाची मार्गदर्शिका आहे. डांबरी रस्त्याची जाडी तिच्यावरून ठरते. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत म्हटले आहे की ज्या रस्त्यावर रोज ४५० हून अधिक व्यापारी वाहने धावतील, त्याच्या खालच्या जमिनीचा परिणामी सीबीआर ५ टक्क्यांपेक्षा कमी नसावा. म्हणजे आपल्या काळ्या मातीवर तिला सुधारल्याशिवाय मोठा रस्ता बांधूच नये, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

त्याच मार्गदर्शिकेच्या २००१ च्या आवृत्तीत सोपे तक्ते होते. नंतर पद्धत बदलली, पण हिशेब समजायला ते तक्ते बरे. मध्यम वर्दळीच्या, म्हणजे आयुष्यात एक कोटी प्रमाणित धुरांचा भार सोसणाऱ्या रस्त्यासाठी, जमिनीचा सीबीआर २ असेल तर रस्त्याची एकूण जाडी ८५० मिलिमीटर. सीबीआर ५ असेल तर ६६०. सीबीआर १० असेल तर ५४०. दोनावरून पाचावर आले की १९० मिलिमीटर जाडी वाचली. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यात हे १,३३० घनमीटर होतात, वजनाने जवळजवळ २,९०० टन गिट्टी. आता खर्चाची बाजू. जमिनीचा वरचा अर्धा मीटर थर चार टक्के चुना मिसळून सुधारायचा म्हटले तर तेवढ्याच रस्त्याला साधारण सव्वादोनशे टन चुना लागेल. एका बाजूला २,९०० टन गिट्टी, दुसऱ्या बाजूला २२५ टन चुना आणि तो मिसळण्याची मजुरी. हा आमचा पेन्सिलीचा हिशेब आहे, नेमके प्रमाण मातीच्या चाचणीशिवाय ठरत नाही, आणि अभियंत्यांनी तो अवश्य तपासावा. पण एवढा ढोबळ फरक दिसत असताना हा तुलनात्मक हिशेब टेंडरच्या आधी मांडला का जात नाही, हे विचारायला अभियंता असावे लागत नाही.

जमिनीत टाकलेला एक रुपया आणि डांबरात टाकलेला एक रुपया यांत जमाखर्चाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. सुधारलेली जमीन हा भांडवली खर्च. तो एकदा नीट केला की वर कितीही वेळा डांबर बदलले तरी कामाला येतो. डांबर ही झीज होणारी वस्तू आहे, ते चांगल्यात चांगल्या रस्त्यावरही काही वर्षांनी बदलावे लागतेच. भांडवल उभे न करता दर वर्षी नुसती झीज भरून काढणाऱ्या पेढीला कोणती बँक कर्ज देईल? पण डांबराचा फोटो वर्तमानपत्रात येतो, चुना मिसळलेल्या मातीचा येत नाही. अडचण खरी इथे आहे.

आता उपायांकडे वळू. जुने आणि सिद्ध झालेले उपाय आपल्याजवळच आहेत. पहिला मुरमाचा. काळ्या मातीचा वरचा थर काढून त्या जागी चांगला मुरूम थराथराने दाबून भरायचा. यात एक मेख आहे, आणि ती मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकातल्या आपल्या संशोधनातून दाखवून दिली. पूर्वी काळ्या मातीवर रेतीची गादी घालण्याची पद्धत होती. रेतीतून पाणी सहज उतरते, खालची माती फुगतच राहते, आणि गादीचा उपयोग होत नाही. कट्टींनी सांगितले की वरचा थर स्वतः न फुगणारा, पण थोडा चिकट हवा. असा थर मीटरभर जाडीचा घातला की खालच्या मातीचे फुगणे बरेच आटोक्यात येते. काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी आणि रस्त्यांसाठी ही पद्धत पुढे मान्य झाली. म्हणजे ट्रकभर कसलाही मुरूम आणून ओतला आणि 'भराव केला' असे लिहिले, एवढ्याने भागत नाही. कोणता मुरूम, किती थरांत, प्रत्येक थरावर रोलर फिरला का आणि दाबलेल्या मातीची घनता मोजली का, हे सगळे मोजमाप पुस्तिकेत यायला हवे.

दुसरा उपाय चुन्याचा. बैल जुंपलेल्या घाणीत मळलेल्या चुन्यावर आपले वाडे उभे राहिले, तेव्हा चुन्याची महती आपल्याला कोणी सांगायला नको. काळ्या मातीत तीन ते सहा टक्के चुना मिसळला की चुन्यातले कॅल्शियम मातीच्या कणांना घट्ट धरते, काही तासांत चिकट माती भुसभुशीत होते, तिची पाण्याची हाव कमी होते. पुढे काही महिने चुना आणि माती यांची हळूहळू सिमेंटसारखी पकड बसत जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेक्सासमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. आपल्याकडे आयआरसीची त्यासाठी २०१० ची वेगळी मार्गदर्शिकाच आहे, एसपी-८९. पण चुन्याची भुकटी डोळ्यांत गेली तर घातक. नंदलालपुऱ्यासारख्या दाट वस्तीच्या गल्लीत ती उधळणे आम्हाला पसंत नाही. बाहेरच्या नव्या वसाहतींत, मोकळ्या रस्त्यांवर चुना, आणि जुन्या गल्ल्यांत मुरूम, असे आमचे मत आहे. कामाला आठवडाभर तरी ओल राखून मुरू द्यावे लागते आणि पावसात ते करता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सुरू व्हायला हवे ते काम मेअखेरीला सुरू झाले की समजावे, घाईत उरकले जाणार.

तिसरा उपाय इतका साधा आहे की कोणाला तो उपाय वाटतच नाही. पाणी बाहेर काढणे. रस्त्याला मधून कडेला उतार आणि कडेला वाहती नाली. नाली रस्त्याच्या पोटातल्या थरांपेक्षा खोल हवी, नाहीतर तीच रस्त्याला पाणी पाजते. नळाची गळकी लाइनही जमीन बाराही महिने भिजत ठेवते. डिसेंबर २०२५ मध्ये भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. जमिनीखालच्या गळतीकडे दुर्लक्ष झाले की रस्ता खचण्यापुरतेच ते थांबत नाही, हे त्या वेळी साऱ्या शहराने पाहिले.

याच संदर्भात चरांविषयी थोडे. सांडपाण्याची लाइन, नर्मदेची लाइन, केबल, गॅस, प्रत्येकासाठी रस्ता खोदला जातो आणि निघालेली काळी मातीच परत सैल ढकलून वर सिमेंटचा पट्टा ओढला जातो. पहिल्या पावसात चर बसतो. तुमच्या गल्लीत पाहा, रस्ता चराच्या रेषेतच खचलेला आढळेल. चर मुरमाने किंवा चुरीने थराथराने दाबून भरला पाहिजे, एवढी एक अट काटेकोर पाळली गेली तरी निम्म्या तक्रारी संपतील असे आम्हाला वाटते. आणि ज्या गल्लीत खोदकाम होणारच आहे तिथे जमीन सुधारण्याचे कामही त्याच वेळी उरकावे, म्हणजे दुकानदारांना दोनदा शटर पाडावे लागणार नाही.

सिमेंटचा रस्ता केला की या सगळ्यातून सुटका होते, असा समज आपल्या लोकांत फार आहे. सिमेंटची लादी कडक असल्याने भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते हे खरे. पण खालची माती एका बाजूला फुगली आणि दुसऱ्या बाजूला नाही, की लादीही तडकते, आणि तडकलेली सिमेंटची लादी दुरुस्त करणे डांबरापेक्षा कठीण. शिवाय गल्लीत जुन्या रस्त्यावरच सिमेंट ओतले की जोते आणखी सहा-आठ इंच खाली गेले.

आता टाकाऊ मालाची गोष्ट. आपले शहर २०१७ ते २०२३ सलग सात वर्षे देशात सर्वांत स्वच्छ ठरले, याचा अभिमान आम्हालाही आहे. देवगुराडियाच्या कचऱ्याच्या डोंगरातला सुमारे १३ लाख टन जुना कचरा २०१८ मध्ये चाळून वेगळा केला गेला आणि १०० एकर जमीन मोकळी झाली. बांधकामाचा मलबा दळून त्यातून फरशा आणि ठोकळे करण्याचा कारखानाही तिथे उभा राहिला. ज्या शहराने हे करून दाखवले त्याच्याकडून पुढची अपेक्षा ठेवणे रास्त आहे. फरशीपेक्षा मलब्याची खरी खपत रस्त्याच्या पोटात आहे. जुने काँक्रीट फोडून केलेली गिट्टी बेसाल्टच्या ताज्या गिट्टीइतकी कणखर नसते, तिला चिकटलेल्या जुन्या मसाल्यामुळे ती पाणी जास्त शोषते, म्हणून वरच्या थरात ती नको. पण खालच्या भरावाला आणि गिट्टीच्या तळच्या थराला ती चालते. आयआरसीने २०१७ मध्ये त्यासाठी १२१ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. केंद्राच्या २०१६ च्या मलबा नियमांतही सरकारी आणि नगर निगमांच्या कामांत १० ते २० टक्के माल मलब्यातून बनवलेला घ्यावा, अशी तरतूद होती. आपल्या वॉर्डातल्या कामात ती कितपत पाळली गेली, हे विचारायला हवे. रस्ते रुंद करताना आपल्यापैकी कित्येकांच्या वाड्यांचे पुढचे दालन गेले. २०१३ मध्ये सुरू झालेला बीआरटीएस मार्ग २०२५ मध्ये हटवायचे ठरले. शहर सतत काही ना काही पाडतच असते. तो माल कुठल्या तरी नाल्याकाठी टाकून देण्यापेक्षा रस्त्याखाली गेलेला बरा.

मात्र मलबा निवडून घ्यावा लागतो. लाकूड, प्लास्टिक, चिंध्या तर नकोतच. पण एक कमी माहितीचा शत्रू म्हणजे जिप्सम, आपल्या घरांतल्या पीओपीच्या छताचा माल. तो चुना मिसळलेल्या मातीत गेला तर ओल मिळताच त्यांच्यात अशी क्रिया होते की जमीन पूर्वीपेक्षाही जास्त फुगते. म्हणजे औषध आणि पथ्य दोन्ही सांभाळायला हवे.

जुने डांबरही टाकाऊ नव्हे. यंत्राने जुना थर खरवडून काढायचा, तोच चुरा सिमेंट किंवा नवे डांबर मिसळून पायाच्या थरात वापरायचा. उत्तर प्रदेशात अलीकडच्या वर्षांत ग्रामीण रस्त्यांवर याचीच पुढची पायरी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. जुना रस्ता पायासकट दळून, त्यात सिमेंट मिसळून, तिथेच पुन्हा दाबला गेला. आपल्या जुन्या वस्त्यांना यात दुहेरी लाभ आहे. रस्ता खरवडला की त्याची पातळी खाली येते. आपल्या जोत्यांना त्यांची उंची परत मिळण्याचा हा एकच मार्ग आम्हाला दिसतो. थरावर थर टाकण्याची मागणी आपण कोणीही करू नये, खरवडल्याशिवाय नवा थर नको अशी मागणी करावी.

औष्णिक वीज केंद्रांची राख, म्हणजे फ्लाय ॲश, हीसुद्धा चुन्याबरोबर काळ्या मातीत उत्तम काम करते. चुना आणि राख मिळून मंद सिमेंट होते. पण राख हलकी आणि अंतर लांब. खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी केंद्रातून ती इंदूरपर्यंत आणण्याचे भाडेच मूळ बचत खाऊन टाकेल की काय, हे आधी पाहावे लागेल. शिवाय राख भूजलाला लागता कामा नये, वर-खाली मातीचे आवरण हवे. सुरतच्या हजिरा भागात २०२२ मध्ये पोलादाच्या भट्टीतल्या मळीची प्रक्रिया केलेली गिट्टी वापरून रस्ता झाला. तिथे पोलादाचा कारखाना दारात आहे, आपल्याकडे नाही. ज्या गावाला जे टाकाऊ जवळ, ते त्याने वापरावे. आपल्याजवळ मलबा आहे.

आणि प्लास्टिकचा रस्ता? मदुराईच्या आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक गरम गिट्टीवर चढवून डांबर टिकाऊ करण्याची रीत शोधली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. काम मोलाचे आहे. पण ते रस्त्याच्या कातडीचे औषध आहे, हाडाचे नव्हे. 'आपला रस्ता प्लास्टिकचा आहे, मोडणार नाही' असे कोणी सभेत सांगितले तर खालच्या मातीचा सीबीआर किती, असे त्याला अदबीने विचारावे.

टाकाऊ माल म्हटले की लोक बिचकतात, त्यांना हसू नये. पीथमपूरला २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळला गेला, तेव्हा या सर्व परिसरात किती अस्वस्थता होती ते आपण अनुभवले आहे. म्हणून रस्त्याखाली जे जाईल त्याची चाचणी व्हावी आणि अहवाल वॉर्डातल्या नागरिकांना पाहता यावा. मलब्याला आमचा पाठिंबा आहे तो या अटीवर.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत या विषयावर दोन तास चर्चा झाली. काही ज्येष्ठ सभासदांचे मत पडले की या भानगडीत मंडळाने पडू नये, पार्षदांशी आपले संबंध चांगले आहेत, ते बिघडतील. आम्हाला तसे वाटत नाही. पार्षदाच्या विरुद्ध अर्ज करायचा नसून त्याच्या हाती एक कागद द्यायचा आहे. मातीचा चाचणी अहवाल हातात असलेला पार्षद झोन कार्यालयात अधिक जोराने बोलू शकेल. त्या चाचणीचा खर्च रस्त्याच्या खर्चापुढे नगण्य असतो. इंदूरमधली मराठी मते कोणत्या पक्षाला जातात यावर दर निवडणुकीत वर्तमानपत्रे लिहितात, प्रत्येक पक्ष आपल्या गणपतीला येऊन नारळ वाढवून जातो. या वेळी नारळ वाढवायला येणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी विचाराव्यात असे बैठकीत अखेर ठरले. गेल्या पाच वर्षांत वॉर्डात झालेल्या रस्त्यांपैकी किती रस्त्यांखालची माती तपासली होती? खोदलेले चर कशाने भरले? आणि नवा थर टाकण्याआधी जुना खरवडला का? उत्तरे पुढील अंकांत छापू, कोणत्याही पक्षाची असोत.

दरम्यान मंडळातर्फे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्यायचे ठरले आहे. त्याचा नमुना हिंदीत टंकलिखित करून कार्यालयात ठेवला आहे. त्यात रस्त्याचे नाव, कामाचे वर्ष, सीबीआर चाचणीचा अहवाल, मातीच्या घनतेच्या नोंदी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. सभासदांनी आपल्या गल्लीचे नाव भरून, सही करून अर्ज कार्यालयात आणून द्यावा. वेळ सायंकाळी ६ ते ८, रविवारी सकाळी १० ते १२. ज्यांच्या घरासमोर या वर्षी खोदकाम व्हायचे आहे त्यांनी आधी यावे, आणि येताना आपल्या जोत्याची रस्त्यापासूनची आजची उंची फूटपट्टीने मोजून, कागदावर लिहून आणावी. जुने फोटो असतील, ज्यांत ओट्याच्या साऱ्या पायऱ्या दिसतात, तर तेही आणावेत. त्यांच्या प्रती काढून मूळ फोटो लगेच परत दिले जातील.